वृद्धांच्या खुब्याचे हाड : एक दुर्लक्षित प्रश्न

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नव्हे. कला शाखेची पदवी घेतली, बँकेत लिपिक म्हणून लागलो आणि तेव्हापासून काउंटरच्या आतल्या खुर्चीवर बसून आहोत. काही वर्षे शिरूरला काढली, काही दौंडला. तेव्हा हाडांवर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणाच्या मनात आले तर ते रास्तच आहे. कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला. ते जरा घोटाळले. 'शिक्षण', 'व्यसनमुक्ती' असे काही त्यांना अपेक्षित असावे. पण हा विषय आमच्याकडे दोन वाटांनी आला. एक बँकेतून आणि दुसरी आमच्याच घरातून.

बँकेची वाट आधी सांगतो. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे आपणांस ठाऊक आहेच. दौंडच्या शाखेत त्या महिन्यात रेल्वेतून निवृत्त झालेल्यांची ही रांग लागते. वर्षातून एकदा दिसणारी ही माणसे आमच्या ओळखीची झाली. कोणी मागच्या वर्षी पायी आला होता, यंदा काठी घेऊन आला, हे न विचारता समजते. आणि मग एखाद्या वर्षी तो येतच नाही. त्याच्याऐवजी मुलगा येतो आणि म्हणतो, "साहेब, आबांना आणता येत नाही. तुम्हीच या."

२०१७ साली रिझर्व्ह बँकेने सत्तरीपुढच्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी असे बँकांना सांगितले. त्याही आधी अंगठ्याचे ठसे घ्यायला आम्ही लोकांच्या घरी जातच होतो. खाटेवर पडलेल्या माणसाचा अंगठा धरून यंत्रावर ठेवायचा, तो नीट उमटला नाही तर ओल्या फडक्याने पुसून पुन्हा ठेवायचा. अशा वेळी घरच्यांना काय झाले म्हणून विचारावे तर उत्तर पुन्हा पुन्हा तेच. "मोरीत पडल्या, खुब्यात गेलं." "रात्री लघवीला उठले आणि उंबऱ्याला अडखळले." न्हावऱ्याच्या बाजूला वस्तीवर गेलो तरी तेच, आणि दौंडच्या रेल्वे कॉलनीत गेलो तरी तेच. अर्धांगवायू असेल, हृदयविकार असेल असे वाटून आम्ही जायचो आणि निघायचा खुबा.

आमच्या भागात बिबट्याची दहशत आहे. ती खोटी नाही. उसाच्या कडेला राहणाऱ्यांना ती रोज संध्याकाळी भेडसावते, आणि बिबट्या दिसला तरी वर्तमानपत्रात येतो. मोरीत पडलेल्या आजीची बातमी मात्र कोठेच येत नाही.

हे किती घडत असेल? आकडेमोडीची सवय म्हणून आम्ही एकदा हिशेब मांडला. आपल्या जिल्ह्याचा आकडा आमच्या हाती नव्हता. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात मात्र २००९ साली दवाखान्यांतल्या नोंदी गोळा करून मोजणी झाली होती. पन्नाशीपुढच्या एक लाख माणसांमागे वर्षाला १२९ जणांचे खुब्याचे हाड मोडते, असे त्यांना आढळले. स्त्रियांत लाखामागे १५९ आणि पुरुषांत १०५. आता २०११ च्या जनगणनेत शिरूर तालुक्याची लोकसंख्या ३ लाख ८५ हजार आणि दौंडची ३ लाख ८० हजार. सहांतला एक पन्नाशीच्या पुढचा धरला तर दोन्ही तालुके मिळून सव्वा लाखाच्या वर माणसे होतात. रोहतकचा दर लावला की वर्षाला १६० च्या घरात आकडा येतो. म्हणजे दर दोन-सव्वादोन दिवसांना या दोन तालुक्यांत कोठे तरी एक म्हातारा किंवा म्हातारी खुब्यात मोडते. हा आमचा ढोबळ अंदाज आहे. रोहतक म्हणजे शिरूर नव्हे. पण तिथली मोजणी दवाखान्यांतली होती, हे ध्यानात घ्यावे. जी माणसे दवाखान्यात गेलीच नाहीत, ती त्यात नाहीत. आणि २०११ नंतर वस्ती वाढली ती वेगळीच.

जगाचा अंदाज १९९२ साली प्रसिद्ध झाला होता. १९९० मध्ये जगभरात अशी सुमारे १६ लाख ६० हजार हाडे मोडली आणि २०५० पर्यंत हा आकडा ६२ लाखांवर जाईल, त्यांतली जवळजवळ निम्मी आशियात असतील, असे त्यात म्हटले होते. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या थंड देशांत हे प्रमाण फार मोठे. आपल्याकडे ते त्या मानाने कमी, पण आपली माणसे त्यांच्यापेक्षा कमी वयात मोडतात.

आता दुसरी वाट. ती सांगणे आम्हांला जड जाते, पण ती टाळून हा विषय पुरा होणार नाही.

आमची आई २०१६ च्या पावसाळ्यात पडली. वय ७२. घर शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी. जुन्या घरात शहाबादी फरशी होती. तिच्यावर आई चाळीस वर्षे अनवाणी वावरली, कधी घसरली नाही. वर्षभरापूर्वी आम्हीच हौसेने कर्ज काढून गुळगुळीत टाइल बसवल्या होत्या. पाहुणे आले की त्या दाखवायचो. पहाटे चारच्या सुमारास ती मोरीकडे निघाली, वीज गेलेली होती, आणि ओल्या टाइलवर पाय सरकला. उंचावरून पडली नाही की गाडीने उडवले नाही. उभ्या उभ्या बाजूला कलंडली, एवढेच. उचलले तेव्हा तिला उजवा पाय टेकवेना. तो पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले होते. पुढे समजले की ही खूण पाहिली की ओळखायचे, खुब्याचे हाड गेले. तेव्हा आम्हांला कोण सांगणार? शेजारच्यांनी तेल चोळले. हाडवैद्य आला, त्याने पाय ओढला, लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या. त्या ओढण्याने ती जी ओरडली ते अजून कानांत आहे.

चौथ्या दिवशी गाडी करून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून आम्हांला समजावले, आणि ते अगदी सरळ बोलले. "शस्त्रक्रिया करा, आणि या एक-दोन दिवसांत करा." आम्ही भावांनी बाहेर व्हरांड्यात उभे राहून विचार केला. कोणी म्हणाले, या वयात कशाला चिरफाड. कोणी म्हणाले, टेबलावरच काही झाले तर? पैशाचाही प्रश्न होता, तो कोणी मोठ्याने बोलले नाही. आणि जो भाऊ शिकलेला, बँकेत नोकरीला, ज्याच्या शब्दाला घरात मान, त्याने शेवटी निर्णय दिला की घरी नेऊ. तो भाऊ म्हणजे आम्हीच.

घरी खाटेच्या पायथ्याला कप्पी लावली, पायाला पट्टा बांधून त्याला विटा टांगल्या. सहा आठवड्यांत हाड जुळेल अशी आमची समजूत. आई उताणी पडून होती. ती दिवसातून कितीदा तरी एकच मागायची, "मला जरा बसवा रे." आम्ही म्हणायचो, हलू नको, हाड सरकेल. तिसऱ्या आठवड्यात पाठीच्या खाली चट्टा दिसला, पाचव्यात त्याची जखम झाली. मग खोकला, मग ताप. जेवण तुटले. चौथ्या महिन्यात ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर 'न्यूमोनिया' असे कारण आहे. ते खरेच आहे. पण खुब्याचा उल्लेख त्यात कोठेही नाही.

पुढे वाचत गेलो तेव्हा समजले की हाड जुळण्याची वाट पाहणेच चुकीचे होते. मांडीचे हाड वर जिथे कमरेच्या खोबणीत बसते तिथे त्याला एक गोळा असतो आणि गोळ्याखाली निमुळती मान. गोळ्याला रक्त पोचते ते बहुतांशी या मानेच्या बाजूने. मान तुटली की रक्त तुटते. मग गोळा सुकतो, आणि सुकलेले लाकूड कितीही बांधून ठेवले तरी त्याला पालवी फुटत नाही. म्हणून अशा वेळी डॉक्टर गोळाच काढून धातूचा बसवतात. आपल्याकडे लोक 'बॉल बदलला' म्हणतात तो हाच. मान शाबूत राहून जरा खालचे हाड मोडले असेल तर तिथे रक्त भरपूर असते आणि ते जुळते. पण जुळायला दोन-तीन महिने, आणि तेवढे दिवस म्हातारे माणूस खाटेवर टिकत नाही. म्हणून तिथे सळी किंवा स्क्रू घालून लवकर उभे करतात. दोन्हींत हेतू एकच असतो, माणूस खाटेवरून उठला पाहिजे. आईला तुटलेल्या हाडाने नेले नाही, आम्ही तिला चार महिने ज्या खाटेवर निजवले त्या खाटेने नेले. पडून राहिल्याने फुप्फुसात कफ साठतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात, पाठ सडते, लघवीला जंतू लागतात आणि भूक मरते.

ब्रिटनमध्ये २०११ पासून मार्गदर्शक सूचनाच आहे की असा रुग्ण दाखल झाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करावी आणि तिच्या दुसऱ्या दिवशी त्याला उभे करावे. तिथे २००७ पासून प्रत्येक मोडलेल्या खुब्याची वहीत नोंद होते. केव्हा आला, केव्हा शस्त्रक्रिया झाली, केव्हा उभा राहिला, महिन्याने जिवंत आहे की नाही. आम्हां खातेवह्यांत आयुष्य काढलेल्या माणसांना याचे मोल समजते. जे वहीत नाही त्याची बाकी कोणी विचारत नाही.

एवढे सगळे करूनही प्रगत देशांत या दुखण्यानंतर वर्षभरात पाचांतला एक, कोठे तिघांतला एक दगावतो आणि वाचलेल्यांपैकी निम्म्यांना पूर्वीसारखे चालता येत नाही. शस्त्रक्रिया म्हणजे जादू नव्हे, हे आम्ही झाकून ठेवणार नाही. आमची मावशी दौंडला असते. ती आईनंतर पाच वर्षांनी पडली, आईपेक्षा वयाने जास्त आणि अंगात साखर. या वेळी आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो नाही. त्याच दिवशी पुण्याला नेले. साखर आटोक्यात यायला दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी गोळा बदलला. चौथ्या दिवशी दोघींनी धरून तिला उभी केली तेव्हा ती आम्हांला शिव्या देत होती. त्या शिव्या ऐकून आम्हांला रडू आले. ती आज वॉकर घेऊन घरात फिरते, स्वतःच्या हाताने चहा करते. पण खाली बसून पोळ्या लाटणे संपले. दौंड स्टेशनचा जिना ती पुन्हा चढली नाही, पुण्याला लेकीकडे जायचे तर मोटार लागते. आईच्या आणि तिच्या दैवात फरक नव्हता, फरक आमच्या निर्णयात होता.

आता हाड इतके ठिसूळ होतेच का? वय हे एक कारण. स्त्रियांची पाळी गेली की हाडांतला चुना झपाट्याने घटतो, म्हणून बायका अधिक मोडतात. आमच्या भागात याला एक जोड आहे. आपल्या साखर कारखान्यांवर ऊस तोडायला बीडकडच्या बायका येतात. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. कित्येक तर ऐन तरुण वयात. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असेल तर पस्तिशीतल्या बाईचे हाड म्हातारीच्या वाटेला लागते. या बायका साठीला पोचतील तेव्हा त्यांचे खुबे कोण मोजणार आहे?

जेवणाचेही आहेच. शिरूर-दौंड म्हणजे दुधाचा मुलूख. सकाळी डेअरीपुढे कॅनांची रांग असते. दूध डेअरीला जाते आणि घरच्या म्हातारीला कोरा चहा. नाचणी, तीळ, पालेभाजी, आपल्याकडे पूर्वापार खाल्ली जाणारी सुकट, यांत चुना आहे, पण दात पडलेल्या माणसाला वेगळे मऊ करून कोण देतो? उन्हातून मिळणारे ड जीवनसत्त्व आपल्या उन्हाच्या देशात कमी पडते हे वाचून आम्हीही चकित झालो. पण विचार करा, शेत सुटल्यावर आजी दिवसभर घरात असते, अंगभर लुगडे. ऊन तिला लागते कोठे? शिवाय मोतीबिंदू पिकलेला, झोपेची गोळी घेतलेली, रक्तदाबाच्या गोळीने उठताना चक्कर येणारी. एवढे सगळे जमलेले असते, टाइल फक्त निमित्त होते.

आधी इशाराही मिळतो, आपण तो वाचत नाही. आई पडण्याच्या तीन वर्षे आधी अंगणात हातावर पडून तिचे मनगट मोडले होते. प्लास्टर घातले, निघाले, विसरलो. साध्या पडण्याने एक हाड मोडले म्हणजे दुसरे मोडण्याची शक्यता वाढते. पाठीला पोक येणे, उंची कमी होणे, यांचाही अर्थ तोच. हाडांची घनता मोजण्याची तपासणी असते. हाडे बळकट करणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा घ्यायचे इंजेक्शनही असते. कोणाला काय चालेल हे डॉक्टर ठरवतील. पण मनगटाचे प्लास्टर निघताना "आता खुब्याचे काय?" हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. आम्ही विचारला नाही.

पैशाचे बोलतो, कारण व्हरांड्यात तो शब्द कोणी उच्चारत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या शस्त्रक्रियाही येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. कोणती शस्त्रक्रिया कोठे बसते हे त्यालाच विचारावे, शिधापत्रिका व आधार बरोबर न्यावे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, लागू झाली. त्याचे कार्ड पडण्याच्या आधी काढून ठेवायचे असते, पडल्यावर अंगठा देण्यासाठी आजीला कोठे नेता? आणि २०२४ साली राज्य सरकारने पासष्टीपुढच्या, दोन लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या लोकांसाठी वयोश्री योजनेत काठी, वॉकर, कमोडची खुर्ची अशा साधनांकरिता तीन हजार रुपये खात्यावर द्यायचे ठरवले. अर्जाचे सध्या काय चालले आहे ते समाजकल्याण कार्यालयात विचारून यावे. हे पैसे आमच्या शाखेतही जमा झालेले आम्ही पाहिले. त्यांतून काठी किती घरांत आली, यावर आम्ही काही बोलत नाही. पैसे काढायला बहुधा नातूच येतो.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एक काम सांगायचे आहे. आज रात्री घरी गेलात की दिवा न लावता आजीच्या खाटेपासून मोरीपर्यंत चालून पाहा. डोळे अर्धे मिटून, ती जशी चालते तसे. कोठे उंबरा लागतो, कोठे पायपुसणे सरकते, कोठे धरायला काही नाही, ते तुमच्या पायांना समजेल. मोरीच्या भिंतीत लोखंडी पाइपचा हातभर तुकडा गवंडी अर्ध्या तासात बसवून देतो. रात्रभर जळणारा छोटा दिवा, वीज जाते म्हणून उशाशी बॅटरी, आणि टाइलवर खरबरीत चटई. लुगड्याचा ओचा पायांत येत असेल तर गाऊन आणून द्या, आधी नको म्हणेल, मग घालेल. आणि एवढे करूनही कोणी पडलेच, पाय आखूड आणि वळलेला दिसला, तर तेल लावू नका, ओढू नका, उभे करून पाहू नका. दोन पायांमध्ये उशी ठेवून १०८ ला फोन करा. कधी कधी हाड मोडून एकमेकांत रुतते आणि माणूस लंगडत दोन दिवस चालतोही. तेव्हा जांघेत दुखते म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा एक्स-रे झालाच पाहिजे. घरात जो शिकलेला असेल त्याच्याकडे सगळे पाहतील. तो तुमच्यापैकी कोणी तरी असेल.

आईची काठी, वॉकर आणि कमोडची खुर्ची आमच्याकडे पडून होती. वॉकर तिला कधी लागलाच नाही, नवा कोरा आहे. तिन्ही वस्तू आम्ही आज पुसून संस्थेच्या कार्यालयात आणून ठेवल्या आहेत. शेजारी एक वही ठेवली आहे. ज्यांना लागेल त्यांनी न्यावे, काम झाले की परत आणावे. वहीत चार रकाने आखले आहेत : नाव, गाव, कोण पडले, केव्हा पडले. न नेणाऱ्यांनीही शेवटचे दोन भरले तरी चालेल. पहिल्या ओळीवर आईचे नाव आम्ही लिहिले आहे.